छोट्या लाइनीच्या पुलाचे नाना

ज्या पुलावरून आता एकही गाडी जात नाही, त्या पुलावर पाय ठेवण्याआधी पिंपळापुरे नाना थांबून दोन्हीकडे बघून घेतात. कोणी हसलंच तर म्हणतात, "हासून घे. गाडी आली तर मग मले नको सांगू!"

पूल आमच्या रायपूरच्या छोट्या लाइनीचा, म्हणजे नॅरोगेजचा. धमतरीकडे जाणारी ती बुटकी गाडी शहरातून बंद झाली, रूळ उचलले गेले, पण नाल्यावरचा हा एवढासा पूल राहिला. लोकांनी वर फळ्या टाकून पायवाट केली. नाना ब्राह्मणपाऱ्यात आमच्या समोरच राहतात. सगळी नोकरी रेल्वेत पुलांचे नकाशे काढण्यात गेली. स्वतः बांधला मात्र एकही नाही. ती कसर ते बोलून भरून काढतात. त्यांना 'कसे आहात' विचारलं तरी उत्तर पुलाच्या पायापासून सुरू होतं, म्हणून गल्लीतले लोक नाना दिसले की हळूच सदर बाजाराकडे वळतात.

ऐकायची ती एकटी माझी मुक्ता. शाळेत असल्यापासून दर रविवारी सकाळी ती नानांबरोबर पुलावर जायची. घरात आम्ही मायलेकीच, त्यामुळे मला तेवढाच निवांत वेळ मिळे. खांब पाणी येतं त्या बाजूला नाकासारखे टोकदार का, तर पूर आला की पाणी चिरत जावं. लोखंडी तुळईचं एक टोक पक्कं आणि दुसरं सरकतं का, तर उन्हात लोखंड वाढतं. "पूल बांधणाऱ्या गोऱ्या साहेबानं रायपूरचा मे महिना पाह्यला होता बरं!" नाना सांगत.

इतकं सगळं खरं. इतिहास मात्र दर रविवारी थोडा बदलायचा. दगड जोडायच्या चुन्यात एकदा गूळ असे, एकदा मेथी, एकदा डिंक.

"नाना, पिछले संडे तो आपने गुड़ बोला था," मुक्ता म्हणायची.

"हव, गूळ बी होता."

"नाना, हा पूल आहे की बाळंतिणीचा लाडू?" मी एकदा विचारलं, तर आठ दिवस अबोला.

एका गणपतीत त्यांनी मांडवाची कनातही पुलाच्याच तत्त्वावर बांधली. एक बाजू पक्की, दुसरी मोकळी. ऐन आरतीत वारा सुटला आणि कनातीनं अध्यक्षांना तबकासकट गुंडाळलं. नाना शांतपणे म्हणाले, "पाह्यलं? खांबाले काही झालं का?"

अशा माणसाच्या नादानं मुक्ता सिव्हिल इंजिनिअर झाली, यात नवल नाही. पण तिला नोकरी लागली ती थेट आसामात, नदीवर नवा पूल बांधण्याच्या कामावर. मी साफ नाही म्हटलं. एकुलती एक पोर, कुठल्या कुठे जाऊन तंबूत राहणार! शेवटी मी नानांना बोलावलं. ते माझीच बाजू घेणार, याची मला खात्री होती. त्यांचं ऐकणारं एवढं एकच माणूस जगात. ते कशाला हातचं घालवतील?

नाना आले, खुर्चीच्या कडेवर बसले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ दे तिले."

"नाना, तुम्हीसुद्धा?"

"आमच्या सुधीरले बाहेरची नोकरी लागली होती. मी अडवलं. म्हटलं, आई नाही तुले, मी बुढा एकटा काय करू? राह्यला बिचारा. आता इथंच शंकर नगरात असते." नानांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "इथून कितीसं दूर आहे, सांग? दिवाळीले फोन करते."

इतक्या वर्षांत त्यांच्या मुलाचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मी वेड्यासारखं विचारलं, "मग रविवारी तुमच्यासोबत कोण येणार?"

"कोनी नाही," नाना म्हणाले आणि चहा न घेताच उठले.

मुक्ता आसामला गेली. आज तिचा आवाज ऐकते तेव्हा कळतं, त्या दिवशी नानांनी माझी पोर मला राखून दिली. त्यांचे हे उपकार फिटायचे नाहीत, आणि फिटावेत असं मला वाटतही नाही.

पहिल्या रविवारी नाना काठी घेऊन निघालेले मला खिडकीतून दिसले, तेवढ्यात मुक्ताचा फोन आला. "आई, नाना को दो ना पहले." मी धावत जाऊन त्यांना परत आणलं आणि फोन त्यांच्या हातात दिला.

नाना फोन कानाला लावून बसले. जन्मभर दुसऱ्याला तोंड उघडू न देणारा तो माणूस कितीतरी वेळ नुसता ऐकत होता. "हव... हव... मंग?" एवढंच. पलीकडून मुक्ताचा उत्साह मला इथपर्यंत ऐकू येत होता. फोन ठेवल्यावर त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"काय म्हणत होती?"

"तिचा पूल सांगून राहिली होती." मग काठी कोपऱ्यात उभी करत म्हणाले, "आता रविवारी सकाळी मी इथंच येऊन बसत जाईन, सुषमा. आपला पूल काही कुठी पळून नाही जाऊन राहिला."