शिंग वाजलं, देवमासा नाही

मी कोर्नेलियस अरेन्द्से. क्लिपबाय या आमच्या समुद्रकाठच्या गावच्या टपाल कचेरीत एकतीस वर्षं पत्रांची वर्गवारी केली आणि पाकीट न फोडता आतल्या माणसाचा स्वभाव ओळखायची विद्या तिथंच कमावली. निवृत्तीनंतर ती मी समाजाला अर्पण केली. लोक विचारतात, आमच्या गावात गुन्हे का होत नाहीत? मी आहे म्हणून. माझी भाची लेट्टी म्हणते, मी आहे म्हणून सुटत नाहीत. पोरीला गाडी बरी चालवता येते, बाकी बोलण्याची पोच नाही.

लेट्टीची बारा माणसांची गाडी आहे. सकाळी पाहुण्यांना किनाऱ्यावर देवमासे दाखवायचे, अकराला मागच्या खोऱ्यातल्या फिंकनेस मळ्यात वाइन चाखवायची आणि मग पुन्हा देवमासे. देवमासा दिसला की आमचा दवंडीवाला विल्मट शिंग फुंकतो. समुद्री शेवाळाचा पोकळ दांडा वाळवून केलेलं ते शिंग वारा अनुकूल असला तर थेट मळ्यात ऐकू येतं. मग हातातला पेला जिथल्या तिथं ठेवायचा आणि गाडीकडे धूम ठोकायची, ही आमच्याकडची रीत. शिंग वाजलं की क्लिपबायच्या माणसाची मान समुद्राकडे वळते. झोपेत वळते, प्रार्थनेत वळते. एकदा भर लग्नात, नेमकं 'होय' म्हणायच्या वेळी, नवरदेवाची वळली होती.

पण या सप्टेंबरात भलतंच सुरू झालं. मळ्यात शिंग ऐकू यायचं, पाहुणे धापा टाकत किनारा गाठायचे आणि समुद्र कोरडा ठणठणीत. म्हणजे पाणी होतं, देवमासा नव्हता. दोन आठवड्यांत असं नऊ वेळा झालं. पाहुण्यांनी नगरपालिकेला पत्रं लिहिली. विल्मट पिऊन शिंग फुंकतो, अशी आवई उठली आणि शुक्रवारी त्याला काढून टाकायचा ठराव येणार असं ठरलं.

बुधवारी विल्मट माझ्याकडे आला. टोपी हातात.

"कोर्नी, देवाशपथ सांगतो, मी फुंकलंच नाही रे."

"सगळे आरोपी असंच म्हणतात," मी म्हणालो.

"एकोणीस वर्षं त्या खडकावर उभा आहे. उद्या शिंग काढून घेतलं, तर सकाळी उठून मी जाऊ कुठं?"

शाळेत असताना याच्या डब्यातला तळलेला मासा खाऊन मी वाढलोय. मी वही उघडली.

प्रथम साक्षी. किनाऱ्यावरच्या चौदाही दुकानदारांनी सांगितलं, त्या नऊही वेळी शिंग वाजलंच नाही. चौदा दुकानदारांचं एकमत? आमच्याकडे दोन दुकानदारांचं भाकरीच्या भावावर होत नाही. म्हणजे कट उघड होता.

"किंवा वाजलं नसेल," लेट्टी म्हणाली.

"तू गाडी चालव."

माझा पहिला संशय पलीकडच्या गावच्या दवंडीवाल्यावर गेला. त्याला भेटलो, तर त्याचे पुढचे दात गेल्या महिन्यात काढलेले. फुंकलं की नुसती थुंकी उडत होती. दुसरा संशय खुद्द देवमाशावर. एवढी वर्षं ऐकून शिंगाची नक्कल शिकला असेल, का शिकू नये?

"ऊम, देवमासा द्राक्षमळ्यात येऊन ओरडतो का?" लेट्टीनं विचारलं. ऊम म्हणजे आमच्याकडे मामा, काका, कुणीही वडीलधारा.

मी तो संशय खोडला, पण पुसट.

गुरुवारी मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. शिंग वाजलं की सगळे पळतात. पेले मागे राहतात. भरलेले! म्हणजे जो पळत नाही, तोच चोर. उरलेली वाइन फुकट ढोसायला कुणीतरी शिंग वाजवत होतं. आणि न पळणारी एक व्यक्ती होतीच. जोहान्सबर्गहून आलेली एक म्हातारी, तिसऱ्यांदा त्याच फेरीला आलेली आणि दर वेळी भिंतीकडच्या बाकावर बसून राहणारी.

अकरा वाजून दहा मिनिटांनी शिंग वाजलं. सगळे धावले. माझी मान समुद्राकडे वळली, ती मी दोन्ही हातांनी धरून परत आणली आणि म्हातारीसमोर उभा राहिलो.

"खेळ संपला, बाईसाहेब. आपण का पळाला नाहीत?"

"गुडघा," ती म्हणाली आणि पट्टा दाखवला.

"पट्टा कुणीही बांधतं! शिंग कुठं लपवलंय?"

"माझ्याकडे कसं असेल? ते त्या बाईकडे आहे ना." म्हातारीनं माझ्या पाठीमागे बोट दाखवलं. "ती बघा. दर खेपेला वानरं हाकलत असते बिचारी."

मी वळलो. डोंगराच्या बाजूला, द्राक्षवेलींच्या रांगांमध्ये एक धिप्पाड बाई गालफडं फुगवून शिंग फुंकत होती आणि तिच्यापुढे पंधरावीस वानरं कोवळे कोंब तोंडात कोंबून डोंगराकडे पळत होती. दोन आठवडे हे आमच्या पाठीमागे चाललं होतं. आणि पाठीमागे बघतो कोण?

बाईचं नाव ग्रीत. ती समुद्रापासून दूर, कारूतल्या कोरड्या माळरानावरून नवीनच कामाला आलेली.

"शिंग कुठून आणलंस?" मी दरडावलं.

"आले तेव्हा एका रविवारी किनाऱ्यावर दांडा पडलेला दिसला. वाळवला, फुंकला, वाजला."

"देवमाशासाठी वाजवतात ते!"

"देवमासा कोंब खातो?"

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुणी? माणसं तर मी वाजवलं की पळत सुटतात. मला वाटलं, या वानरांना घाबरतात."

शुक्रवारी ठरावासाठी नगरपालिकेची समिती मळ्यातच बसली. निकाल लागेपर्यंत शिंगाला तोंड लावायचं नाही, असं विल्मटला फर्मावलेलं. तो आपल्या खडकावर होता. मी सत्तावीस मिनिटं माझी तर्कपद्धती समजावली. शेवटी अध्यक्ष दु प्रे जांभई देत म्हणाले, "ऊम कोर्नी, हे सगळं वानरांसाठी होतं, असंच ना? वाजवून दाखवा बघू."

मी ग्रीतला खूण केली. तिनं फुंकलं.

डोळ्यांसमोर वाजवलं होतं. तरी पाचही सभासद खुर्च्या पाडून उठले आणि लेट्टीच्या गाडीकडे धावले. पुढे दु प्रे. मागून सगळा मळा आणि, नोंद राहावी म्हणून सांगतो, मीही.

किनाऱ्यावर अख्खा गाव गोळा झाला होता. खडकाला लागून, दगड टाकावा इतक्या अंतरावर, देवमाशाची मादी पिल्लाला कुशीत घेऊन निवांत पहुडली होती. आणि विल्मट शिंग छातीशी धरून, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत, दुसऱ्या हातानं नुसता समुद्राकडे दाखवत होता.

"अरे, फुंकलं का नाहीस?" दु प्रे ओरडले.

"तुम्हीच मनाई केलीत, साहेब. सकाळपासून आहे ती इथं."

दु प्रेंनी समितीकडे पाहिलं. समिती समुद्राकडे पाहत होती.

"फुंक, बाबा," ते म्हणाले. "फुंक."

विल्मटनं फुंकलं. बोलवायला गावात कुणी उरलं नव्हतं, तरी तो फुंकतच राहिला आणि एकाही माणसानं त्याला थांबवलं नाही.