बंद पंपाला ताप

सदाशिव पेठेतल्या एका सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला ऐन जानेवारीत ताप आला. बातमी आधी हिंजवडीत कळली.

तिथे पद्मजाच्या कंपनीत काडेपेटीएवढी एक डबी बनते. मागे लोहचुंबक. यंत्राला चिकटवली की त्याची थरथर आणि तापमान मोबाइलवर दिसतं. दोन्ही वाढलं की समजायचं, यंत्र आता दगा देणार. तिनं एक डबी सासऱ्यांना आणून दिली होती. यज्ञेश्वरराव सोसायटीचे सेक्रेटरी; त्यांनी ती पंपाला चिकटवली.

दुपारी दीडला तिनं फोन केला. "बाबा, पंप पस्तीस डिग्रीवर गेलाय! थरथरपण विचित्र आहे!"

"एक ते चार पंप बंद असतो. मीसुद्धा." फोन आपटला.

बंद पंप तापतो म्हणजे प्रकरण गंभीर. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सर्जेराव मिस्त्रीला धाडलं. त्यानं पंप उघडून सगळे भाग फरशीवर मांडले. दुसऱ्या मजल्यावरच्या कुसुमताई डोक्याला फेस घेऊन जिन्यात आल्या.

"सेक्रेटरी, पाणी?"

"पंप आजारी आहे. टॉवेलनं पुसा."

"मालक, पंप ठणठणीत हाय," सर्जेराव म्हणाला. "ह्यो माझ्या मागं मरंल."

तरी पद्मजाच्या हट्टापायी बेअरिंग बदललं. दुपारी दीडला पुन्हा ताप! संध्याकाळी सोसायटीच्या फलकावर कुणीतरी लिहिलं, 'पंपाच्या प्रकृतीची चौकशी सूनबाईंकडे करावी.'

पद्मजानं डबीचा आलेख कंपनीतल्या साहेबांना दाखवला. साहेब गंभीर झाले. "हे मशीन घरघरतं, मध्येच वीस सेकंद गप्प होतं, मग आचका देऊन सुरू होतं. हे कधीही कायमचं बंद पडेल."

तिसऱ्या दिवशी ती अर्धी रजा टाकून घरी आली. पंप गार. डबी गायब! ती धावत वर गेली.

हॉलमध्ये यज्ञेश्वरराव आरामखुर्चीत घोरत होते. बंडीच्या खिशात डबीचा निळा दिवा लुकलुकत होता.

"आई, ही इथे कशी?"

"महागाची वस्तू आहे ना," सासूबाई श्यामलाबाई म्हणाल्या. "पंप बंद असताना कुणी पळवेल म्हणून काढून आणतात. चारला परत चिकटवतात."

पद्मजाला हसू फुटलं. तेवढ्यात घोरणं थांबलं. पाच सेकंद. दहा. तिचं हसू विरलं. पंधरा. श्यामलाबाईंनी पेपरातून डोकं न काढता पायानं खुर्ची हलवली. यज्ञेश्वररावांनी आचका देऊन श्वास घेतला.

"असं रोज होतं?"

"तीन वर्षं झाली. रात्रीसुद्धा. थांबले की मला जाग येते."

"आणि तुम्ही कधी झोपता?"

श्यामलाबाईंनी पेपरचं पान उलटलं.

यज्ञेश्वररावांना डॉक्टरांकडे न्यायला दोन दिवस लागले. "मी घोरतच नाही" हे त्यांचं म्हणणं आलेख दाखवूनही बदललं नाही. शेवटी श्यामलाबाई एवढंच म्हणाल्या, "अहो, दमले मी." तसे ते मुकाट्यानं उठले आणि चपला घालू लागले.

झोपताना श्वास चालू ठेवणारं यंत्र घरी आलं. पहिल्याच दुपारी यज्ञेश्वरराव नाकावर मुखवटा लावून आडवे झाले, नि तासाभरानं जागे झाले. शेजारी श्यामलाबाई तोंड उघडं टाकून गाढ झोपलेल्या. यज्ञेश्वररावांनी स्वतःच चहा केला. दोन कप घेऊन आले. बायकोला उठवायला हात पुढे केला, मागे घेतला.

आणि दोन्ही कप स्वतःच प्यायले. वाया कशाला घालवायचा?