फिल्टर गाडी बघायला आला

आमच्या मुरूमखेडात गाडीचा मालक एअर फिल्टर निवडत नाही, फिल्टर गाडी निवडतो. दुकानातून नुसता उचलून आणला तर तो हवाच आत घेत नाही आणि गाडी जागची हलत नाही. बाहेरगावचे लोक याला हसतात. हसू देत. त्यांच्याकडे डांबरी रस्ते आहेत. आमच्याकडे खडीचे क्रशर आहेत आणि दिवसभर पिठासारखी पांढरी धूळ. एवढ्या धुळीत कुणाच्या इंजिनापुढे छाती काढून उभं राहायचं, हे ज्याला उभं राहायचंय त्यानेच ठरवावं. मला तरी यात काही वावगं दिसत नाही.

मी नागूबाई विटकर. आमचा एक डिझेल ट्रक आहे. तो आमचे मालक, म्हणजे माझे यजमान यल्लाप्पा, चालवतात आणि बाकीचं सगळं मी चालवते.

भरलेला ट्रक खिंडीत दोनदा थांबला होता. काळा धूर ओकायचा, खोकायचा आणि तिसऱ्या वळणावर बसकण मारायचा. खिंडीचा रस्ता अरुंद, त्यामुळे मागच्या सगळ्या गाड्या अडकायच्या आणि त्यांचे ड्रायव्हर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. क्रशरवर नियम असा की गाडी तिसऱ्यांदा खिंडीत थांबली की फळ्यावरचा तिचा नंबर पुसायचा. नंबर पुसला की कुणी त्या गाडीत खडी भरत नाही. मग ती दारात उभी करून तिच्या बॉनेटवर पापड वाळवायचे, दुसरं काय?

आणि नेमका त्याच आठवड्यात आमचा फिल्टर राजीनामा देऊन गेला. कारण दिलं नाही, पण कारण गावाला ठाऊक होतं. संध्याकाळी गाडी लावली की फिल्टर ज्यात बसतो त्या डब्याचं झाकण उघडायचं, फिल्टर बाहेर काढायचा आणि मागच्या टायरवर धपाधप आपटून धूळ झाडायची, ही मुरूमखेडची जुनी रीत. सगळेच आपटतात, पण आमच्या मालकांचा हात जड. आपटून झालं की पूजा आटोपल्यासारखे प्रसन्न दिसायचे. त्यांचं नाव फिल्टरांमध्ये इतकं वाईट झालं होतं की आमच्या दारात कुणी फिरकेना.

पार्टच्या दुकानातल्या बशीरभाई तांबोळींनी मग शब्द टाकला. भला माणूस. त्यांनी फिल्टरांना सांगितलं की घर चांगलं आहे, बाई समजूतदार आहे, एकदा गाडी बघून तर या. दोघे तयार झाले. एकाच दिवशी दोघांना बोलावलं, कारण उद्या खेप होती आणि खिंड काही आमच्यासाठी थांबणार नव्हती.

पहिला आला तो चकचकीत, रंगीत खोक्यातून. खुर्चीवर बसला, चहा यायच्या आधीच म्हणाला, मला पसंत आहे. गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. मालक एकदम खूश. मी त्याच्या कडेच्या रबरावरून बोट फिरवलं तर ते कडक, आणि कागदाच्या घड्या इतक्या विरळ की मध्ये बोट जाईल. धुळीचं काय करणार, असं विचारलं तर म्हणाला, बघू की. मी मालकांना बाजूला घेऊन सांगितलं, ज्याला एक प्रश्न पडत नाही त्याला आपल्या इंजिनाचं काय पडलंय? मालक म्हणाले, कटकट करत नाही हे काय वाईट आहे?

दुसरा वजनदार होता. घड्या दाट, रबर मऊ, बोलणं मोजकं. सोबत आतला फिल्टर होता, त्याचा धाकटा भाऊ. थोरल्याला काही झालंच तर तेवढ्यापुरतं इंजिन सांभाळायला. चहाला त्याने नम्रपणे नको म्हटलं आणि आधी राहायची जागा दाखवा म्हणाला. डबा दाखवला. पट्टा ढिला आहे, म्हणाला. मग इंजिनाकडे जाणारा पाइप आतून बघायचा म्हणाला. मालकांनी पाइपात बोट घातलं, ते पांढरं होऊन बाहेर आलं. पाइपाला एक चीरही निघाली.

"वहिनी," तो मला म्हणाला, "आधीच्यांना उगाच बोल लागला. आपटून आपटून त्यांचा कागद फाटला, तिथून धूळ गेली. वर रोज झाकण उघडलं की डब्यातली थोडी आत पडतेच. इंजिन खोकणार नाही तर काय करणार?"

मी पट्टा आणि पाइप तिथल्या तिथे नवे बसवून घेतले. मग त्याने अट सांगितली. डब्यावर बोटाएवढी काच असते. फिल्टर धुळीने भरला की तिच्यातली हिरवी पट्टी लाल होते. ती लाल दिसेपर्यंत झाकण उघडायचं नाही. आपटणं तर कायमचं बंद. आणि ही कबुली बाईची चालणार नाही, जो हात झाकण उघडतो त्याचीच पाहिजे.

मालकांचा चेहरा पडला. ते म्हणाले, उघडायचंच नाही तर हा स्वच्छ आहे हे मला कळणार कसं?

"मी स्वच्छ राहायला येत नाही," फिल्टर म्हणाला. "थोडी धूळ अंगावर बसली की मला बारीक धूळही धरता येते. माझं काम मला करू द्या."

मालक उठले आणि ट्रकच्या मागे जाऊन बसले. टायरवर हात ठेवून. तिथूनच म्हणाले की तो पहिला काय वाईट आहे, त्यालाच घेऊ. बशीरभाई आभाळाकडे बघायला लागले. मला राग आला, आणि खरं सांगते, वाईटही वाटलं. दिवसभर हा माणूस गाडीकडून राबून घेतो, आणि संध्याकाळी ते आपटणं हीच काय ती त्याची माया. पण माया करता करता जीव घ्यायचा म्हणजे काय? उद्या नंबर गेला तर गाडीही गेली आणि मायाही गेली.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तुम्हाला गाडी पाहिजे की आपटायला काहीतरी पाहिजे, ते एकदा सांगून टाका."

त्यांनी टायरवरचा हात काढला. मग उठले, पँटीला हात पुसले आणि फिल्टरसमोर जाऊन म्हणाले, "लाल दिसेपर्यंत झाकणाला हात लावणार नाही. आपटणार तर कधीच नाही." फिल्टर हो म्हणाला. पहिल्याला बशीरभाईंनी चहा पाजून परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी गाडी काठोकाठ भरली. मी मुद्दाम शेजारी बसले. खिंडीच्या माथ्यावर क्रशरचा मुकादम कोळेकर उभा होता, हातात फळा पुसायचं फडकं घेऊन. घाई बघा माणसाची. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर मालकांनी गिअर टाकला आणि मी डोळे मिटले. इंजिनाने छातीभर श्वास घेतला. एवढा मोठा श्वास मी त्या गाडीचा कधी ऐकला नव्हता. खोकला नाही, धाप नाही. डोकं बाहेर काढून बघितलं तर धूरही दिसेना, नुसती हवा थरथरत होती. मला रडू फुटलं. मालक वळून बघायला लागले तसा डब्यातून शांत आवाज आला, समोर बघा. आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा कोळेकर फडक्याने स्वतःचं तोंड पुसत होता.

संध्याकाळी गाड्या लावायच्या लाइनीत सगळीकडे धपाधप सुरू झालं. आमचे मालक काचेपाशी गेले, हिरवी पट्टी बघितली, हात मागे बांधले आणि घरी आले. आमच्या फिल्टरने मात्र डब्यातूनच लाइनीतल्या बाकीच्यांना झाली ती हकीकत सांगितली. वाढवून नाही, जशी झाली तशी.

सकाळी क्रशरवर गेलो तर आमची सोडून एकही गाडी सुरू होत नव्हती. लाइनीतल्या सगळ्या फिल्टरांनी रातोरात राजीनामे दिले होते आणि तीच कबुली मागितली होती. ड्रायव्हर बशीरभाईंच्या दारात हात बांधून उभे होते. खडीचे ढीग तसेच पडलेले. हलत नाही त्या गाडीला फळ्यावर जागा नाही, असं म्हणत कोळेकरने एकेक करत बाकीचे सगळे नंबर पुसले, मग आमच्याकडे बघितलं आणि भरणाऱ्यांना म्हणाला, विटकरांची गाडी पुढे घ्या.

मालकांनी हॉर्न दिला. मी म्हटलं, अजून एकदा द्या. मग आम्ही मोकळ्या रस्त्याने, रांगेतल्या सगळ्या गाड्यांच्या पुढून, खडी भरायला गेलो. फळ्यावर एकच नंबर होता, आणि तो आमचा होता.