डिन्ना वॉन्ट

"आकांक्षा, काय म्हणून राहिला तो?" बद्रुद्दीनचाचांनी तिसऱ्यांदा विचारलं.

नांदेडकडच्या पुसेगावात हळद घ्यायला स्कॉटलंडचा मॅकफी साहेब आला होता. दुभाषी म्हणून इंग्रजीत एम.ए. झालेल्या आकांक्षाला चाचांनीच बसवलं होतं. "नांदेडचा माणूस कशाला? आपलं पोरगं हाये ना!" असं साऱ्या शेतकरी गटापुढं सांगून. आता सौदा फिसकटला, तर चाचांची दाढी आणि पोरीची डिग्री, दोन्हीची गावभर वरात निघणार.

आकांक्षाचं इंग्रजी पुस्तकातलं. साहेबाचं इंग्रजी म्हणजे खडी भरलेला ट्रॅक्टर. तिनं विचारलं, प्रवास बरा झाला का? साहेब म्हणाला, "आय, आय!"

हे मात्र सोजराबाईंना थेट कळलं. गटातली सगळ्यात म्हातारी बाई ती. "आय आठवली वं लेकराला!" म्हणत तिनं साहेबाच्या टकलावरून हात फिरवला. साहेब पन्नाशीचा. मान खाली घालून हात फिरवून घेतला बिचाऱ्यानं.

मग चाचांनी पॉलिश केलेली हळद पुढं केली. सोन्यावानी चकचकीत. साहेबानं मान हलवली. "डिन्ना वॉन्ट इट."

"डिनर... जेवाय पायजे म्हणतेत," आकांक्षा म्हणाली.

सकाळचे अकरा वाजले होते. पण पाहुणा तो पाहुणा. पिठलं-भाकर आली. साहेबानं ताट पुढं सारलं. "डिन्ना वॉन्ट इट!"

"अजून?"

"व्हय, अजून म्हणतेत."

वांगं आलं. ठेचा आला. चाचांच्या घरून अमिनाबीनं खिचडी-खट्टा धाडला. साहेबाचा आवाज चढेल तशी ताटं वाढत गेली. शेवटी साहेब लालबुंद होऊन उठला आणि गाडीकडं निघाला.

"काहून चालला? पोट न्हाई भरलं का त्याचं?" चाचा रडकुंडीला आले.

आकांक्षाचे डोळे भरले. "चाचा, म्या शिकले ते इंग्रजीच न्हाई हे."

"तुझं शाळेतलं हाये, बाई," सोजराबाई म्हणाल्या. "तू बी मास्तरापुढं 'नाही' म्हणतीस अन् माझ्यापुढं 'न्हाई'. त्याच्या घरचं 'न्हाई' बी येगळं असंल की!"

आकांक्षा जागीच थांबली. डिन्ना म्हणजे साहेबाच्या घरचं 'न्हाई'! मग आय म्हणजे?

तिनं दोन्ही मुठींत हळद घेतली आणि धावत जाऊन गाडीच्या दाराला आडवी झाली. पॉलिशची मूठ दाखवली. "डिन्ना वॉन्ट?"

"डिन्ना वॉन्ट!"

दुसऱ्या मुठीतली, कोपऱ्यातल्या पोत्यातून काढलेली मळकट, बिनपॉलिशची, शेतातून आली तशीच हळद दाखवली. "वॉन्ट?"

"आय! आय! आय!" साहेब नाचायचाच बाकी राहिला.

सोजराबाई पदर सावरून पुन्हा उठल्या. चाचांनी हात धरून बसवलं. "बसा, मावशी. त्याची आय खुशाल हाये. हो म्हणून राहिला तो."

मग पोरगी अशी सुटली म्हणता! 'र' आला की साहेबाची जीभ गरगरते, शब्दाचं शेपूट तो गिळतो, सगळं तिनं पकडलं. दुपारपर्यंत साऱ्या गटाची हळद पसंत. तीन वर्षांचा करार. चाचा दाढी कुरवाळत गावभर फिरून आले.

तेवढ्यात साहेबानं मुंबईच्या कचेरीत आपल्या माणसाला फोन लावला. करार समजावू लागला. पलीकडून चारदा "पार्डन?" आलं. साहेबानं कपाळाला हात लावला आणि फोन आकांक्षाच्या हातात दिला.

"मॅडम," पलीकडचा माणूस खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब काय बोलतायत, ते जरा इंग्रजीत सांगता का?"