क्लाय आजोबांचे चौकोन

बुद्धसंवत दोन हजार पाचशे बावन्नची गोष्ट. तेव्हा दक्षिण थायलंडातल्या आमच्या त्रांगमध्ये माणूस गेल्याची बातमी फोनवर फिरत नसे, भिंतीवर चिकटत असे. कुणी गेलं की त्याच दिवशी त्याचा फलक कॉफीच्या दुकानांत, बाजारात, विजेच्या खांबांवर लागायचा. वर हसरा फोटो, खाली नाव, विहार, वेळ, आणि मग सगळ्या नातेवाइकांची नावं, मानाप्रमाणे. सकाळी कॉफीबरोबर भाजलेल्या डुकराचे कुरकुरीत तुकडे तोंडात टाकत लोक आधी भिंत वाचायचे, मग वर्तमानपत्र. ज्याचं नाव फलकावर, त्याला आमंत्रण. ज्याचं नाव नाही, त्याने काय ते समजून घ्यायचं!

हे फलक छापायचे ते प्रदितने. घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. त्याच्याकडचं अक्षर इतकं गोल, इतकं देखणं यायचं की लोक जिवंतपणीच घरच्यांना सांगून ठेवायचे, "माझं मात्र प्रदितकडेच छापा हं!" चोरीच्या सॉफ्टवेअरवरून धाडी पडू लागल्या तेव्हा त्याने फुकट मिळणारं लिनक्स मशीनवर चढवलं होतं, आणि तेव्हापासून तो स्वतःला इंजिनिअर समजत असे. बायको ओरापिन त्याला काय समजत असे, ते ती गिऱ्हाइकांसमोर बोलत नसे.

त्या दिवशी दुकान उघडताच प्रिंग आजी आल्या. हातात नवऱ्याचा फोटो. क्लाय आजोबा रात्री गेले होते.

क्लाय आजोबांना कोण ओळखत नव्हतं! स्टेशनावरच्या तिकिटांच्या खिडकीत त्यांचा जन्म गेला. एकदा गंमत म्हणून त्यांनी कुणाला तरी लॉटरीचे दोन आकडे सांगितले, आणि नेमके तेच निघाले! झालं. तेव्हापासून खिडकीपुढची माणसं तिकीट राहिलं बाजूला, आकडे मागायची. आजोबा वैतागून ओरडायचे, "आता मेल्यावरच देईन! पुढचा!"

"चोमचं नाव सगळ्यात वर घाल," प्रिंग आजींनी बजावलं. "धाकटा भाऊ म्हणून."

प्रदित चपापला. क्लाय आणि चोम, दोघा भावांचं अकरा वर्षांचं भांडण! तेही एका बुलबुलवरून. बुलबुलांच्या गाण्याच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी चोमचा बुलबुल पिंजऱ्यातून उडाला. दार क्लायने उघडं टाकलं, असं चोमचं म्हणणं. तेव्हापासून चोम पलीकडच्या कान्तांग गावी जाऊन राहिला तो राहिलाच.

"येतील का ते?"

"फोन केला तर आपटून ठेवील. पण भिंतीवर भावाच्या नावाखाली स्वतःचं नाव दिसलं, तर येईल. मी ओळखून आहे त्याला." आजींनी पदर नव्हता म्हणून बाहीनेच डोळे टिपले. "चार वाजेपर्यंत यांच्या हातावर निरोपाचं पाणी घालायचं आहे. मग पेटी बंद होणार. त्याच्याआधी त्याने येऊन पाणी घातलं पाहिजे रे. माफी मागायची कुणी, ते त्यांचं ते बघतील. पण यायला हवा."

"आजी, तुम्ही निर्धास्त जा!" प्रदितने छातीवर हात ठेवला. मजकूर लिहिला, पडद्यावर दाखवला. ती गोल गोल अक्षरं पाहून आजींना पुन्हा भरून आलं. त्या विहाराकडे गेल्या.

आता नुसतं छापायचं होतं. पण पडद्याच्या कोपऱ्यात कित्येक दिवसांपासून एक पाटी लुकलुकत होती: नवी आवृत्ती आली आहे. प्रदितच्या मनात आलं, इतक्या मोठ्या माणसाचा फलक, तो जुनाट मशीनवर कशाला छापायचा?

"कॉफी निवायच्या आत मशीन नवं कोरं करून दाखवतो!"

ओरापिन बाजाराची पिशवी घेऊन निघाली होती. ती दारातच थांबली. "चालतंय ना? मग कशाला त्यात बोट घालता?"

"अगं, सापसुद्धा कात टाकतो!"

"साप लोकांची कामं अंगावर घेऊन बसलेला नसतो!" असं म्हणून ती गेली.

कॉफी निवली. दुसरी आणवली, तीही निवली. शेवटी मशीनने नम्रपणे विचारलं, काही जुन्या वस्तू आता लागणार नाहीत असं दिसतं, काढून टाकू का? प्रदितचे डोळे पाणावले! उभ्या संसारात हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. ओरापिन मोडक्या पंख्याची पाती, एकेकटी चप्पल, केकचे रिकामे डबे, सगळं सगळं जपून ठेवायची. त्याने "हो" इतक्या जोरात दाबलं की टेबल हललं.

मशीन पुन्हा सुरू झालं. फलक उघडला, वर क्लाय आजोबा झकास हसत होते. प्रदितने तेवढंच पाहिलं आणि सगळी चळत छापायला सोडली.

पहिला कागद बाहेर आला आणि प्रदितने तो दिव्याखाली धरला.

फोटो होता, पण खाली एक अक्षर नव्हतं! अक्षरांच्या जागी ओळीच्या ओळी चौकोन. प्रत्येक चौकोनाच्या पोटात बारीक आकडे, वर शून्य आणि इंग्रजी ई, खाली आणखी दोन. जणू सगळे नातेवाईक छोट्या छोट्या पेट्यांत घालून, नंबर टाकून रवाना केले होते. इंग्रजी आकडे तेवढे धड आले होते. म्हणजे चारची वेळ, आणि अगदी खाली दुकानाचा फोन नंबर.

कुठली तरी वायर सैल झाली असणार, असं ठरवून प्रदित टेबलाखाली शिरला. (घाबरलेला माणूस आधी वायर तपासतो. दोष स्वतःचा आहे हे तो सर्वांत शेवटी तपासतो.) तिकडे दाराजवळचा प्रिंटर इमानाने कागद ओकतच होता.

इतक्यात प्रिंग आजींचा जावई मानोप मोटारसायकलवरून आला. "प्रदितदादा, घेऊ का?"

काउंटरवर मध्ये भोक असलेला आपला त्रांगचा केक कापून ठेवलेला होता. टेबलाखालून प्रदित म्हणाला, "घे की! त्यात विचारायचं काय!"

"सगळे घेऊ?"

प्रदितला जरा नवल वाटलं. पण दुःखाचं घर, सकाळपासून पोटात काही नसेल! "घे बाबा, सगळं घे!"

तो टेबलाखालून बाहेर आला तेव्हा केक जागच्या जागी होता आणि चळत गेली होती.

मानोप आधी कान्तांगला गेला, मग तिथून चिकटवत चिकटवत परत त्रांगला आला. तुम्ही म्हणाल, त्याने पाहिलं नाही का? पाहिलं ना! चौकोन आणि त्यात आकडे, म्हणजे दुसरं काय असणार? यंत्र! मांत्रिक कापडावर काढून देतात तसलं. एक त्याच्या स्वतःच्या गळ्यात होतं. सासऱ्यांनी गावाच्या रक्षणासाठी काहीतरी ठेवून दिलं आहे, असं समजून त्याने प्रत्येक फलकाला हात जोडले, आणि बाजारातल्या फलकाखाली तर उदबत्तीसुद्धा लावली.

उदबत्ती पाहिली की आमच्याकडे माणसं थांबतात. थांबली की वाचतात. आणि आकडे दिसले की...

"आजोबांनी शब्द पाळला!" कॉफीवाला को हुआत किंचाळला. "मेल्यावर देईन म्हणाले होते! दिले!"

दुकानातला फोन खणखणला.

"प्रदित, माझ्या नवऱ्याचं नाव कुठाय?" प्रिंग आजी.

"आजी, पाच मिनिटं..."

"चोमचं नाव कुठाय?"

"आजी, अक्षरं गेली आहेत, आणतो..."

"कुठं गेली? तू कुठं होतास?" फोन आपटला. थोड्या वेळाने पुन्हा खणखणला. मग पुन्हा. दर वेळी आजींचा आवाज चढत होता आणि चार वाजण्याची वेळ जवळ येत होती.

प्रदितला आता घडलेलं उमगलं. मशीनने "लागणार नाहीत" म्हणून ज्या वस्तू विचारल्या होत्या, त्यातच त्याचे सगळे थाई फॉन्ट होते! त्याने इंटरनेटवरून फॉन्ट मागवायला आज्ञा लिहिली, तेवढ्यात अर्धा बाजार दुकानात घुसला. पुढे को हुआत, मागे मासळीवाल्या, त्यांच्यामागे शाळेचे मास्तर.

"स्वच्छ प्रत दे! खांबावरची ओली झालीय!"

"अहो, हे आकडे नाहीत! हा बिघाड आहे!"

"हो, आम्हाला सांगतोय! स्वतः एकटा लावणार!"

पडद्यावर फॉन्ट उतरत होते. किती टक्के झाले ते शेजारी दिसत होतं.

"एकोणतीस!" एक मासळीवाली ओरडली. सगळ्यांनी एकोणतीस लिहून घेतलं. "एकतीस! बत्तीस! थांबलं, थांबलं! बत्तीसवर थांबलं!"

"आणि फलकावर बघा," मास्तर चष्मा सावरत म्हणाले, "बत्तीसच सगळ्यात जास्त वेळा आलंय. मी मोजलंय."

"बत्तीस!" गर्दीने पुन्हा लिहून घेतलं.

"अहो, बत्तीस म्हणजे नुसता काना आहे!" प्रदित रडकुंडीला आला. "आपल्या लिपीतला काना! तो येणारच सगळीकडे! प्रत्येक अक्षराला मशीनमध्ये नंबर असतो, फॉन्ट नसला की तो नंबर दिसतो!"

"मग अक्षरांना नंबर कोण देतं?" को हुआतने बारीक डोळे करून विचारलं.

टक्के पुढे सरकले, चौकोन गेले, अक्षरं आली. पण कसली अक्षरं! हाडकुळी, टकली, माथ्यावरच्या खुणा एकमेकींच्या डोक्यावर चढलेल्या. क्लाय आजोबांचं नाव एखाद्या शाम्पूच्या जाहिरातीसारखं दिसत होतं. शिवाय गर्दी खवळली ती वेगळीच.

"पुसले! आजोबांचे आकडे पुसले याने!" एका मासळीवालीने त्याचा हात धरला, दुसरीने माउस.

अशा वेळी ओरापिन पिशवी घेऊन दारात उभी राहिली. तिने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, एकदा गर्दीकडे. आणि शांतपणे म्हणाली, "कागदाला काय विचारताय? आजोबा विहारात आहेत. चारच्या आत हातावर पाणी घाला आणि कानात विचारा. नंतर पेटी बंद होईल."

दुकान असं रिकामं झालं की एक चप्पल तेवढी मागे राहिली. ओरापिनने ती उचलून ठेवून दिली.

"आता हे अक्षर," प्रदितने पडद्यावर बोट ठेवलं. "आजींना हे नाही चालणार. गोल अक्षर कुठल्या नावाचं होतं तेही आठवत नाही गं. किती वर्षांपूर्वी घातलं होतं!"

ओरापिन आत गेली. डब्यांचा खडखडाट ऐकू आला. केकचा एक जुना डबा आणून तिने त्याच्यासमोर उघडला. आत बटणं, पंख्याचे स्क्रू, आणि तळाशी एक सीडी. त्यावर प्रदितच्याच हस्ताक्षरात लिहिलेलं होतं: जुने फॉन्ट, टाकून द्यावे.

"टाकली नाहीस?"

"मी काही टाकते का? छापा!"

साडेतीन झाले होते. फलकाची शाई वाळायच्या आत प्रदित मोटारसायकलवर बसला. पण कान्तांगला जाऊन यायला आता वेळच नव्हता. चोमपर्यंत नाव पोचणं शक्यच नव्हतं! आजींना काय तोंड दाखवायचं, असं म्हणत तो विहारात शिरला आणि जागीच थांबला.

रांग! फाटकापासून थेट मंडपापर्यंत! गव्हर्नर गेले तेव्हासुद्धा एवढी माणसं नव्हती. प्रत्येकजण क्लाय आजोबांच्या तळव्यावर सुवासिक पाणी घालत होता आणि वाकून कानात काहीतरी पुटपुटत होता. काहींनी तर कान आजोबांच्या ओठांशी नेला होता. शेजारी प्रिंग आजी उभ्या होत्या, आणि कुणी फार रेंगाळलं की तिकिटाच्या खिडकीतल्या आवाजात ओरडत होत्या, "पुढचा!"

प्रदित त्यांच्याकडे जाणार तोच रांगेत दंगा उठला. एक वाळकुडा म्हातारा सगळ्यांना कोपरांनी ढकलत पुढे येत होता. मुठीत भिंतीवरून फाडलेला चौकोनांचा फलक.

चोम!

"वहिनी!" त्याने फलक नाचवला. "याला काही लाज? सबंध गावाला आकडे वाटले! मासळीवाल्यांनासुद्धा! आणि सख्ख्या भावाला एक नाही? मला कान्तांगच्या बाजारात परक्यासारखं भिंतीवर वाचावं लागलं?"

प्रिंग आजींनी प्रदितकडे हात पुढे केला. प्रदितने गुंडाळी उलगडून त्यांच्या हातात दिली.

चोमने वाचलं. क्लायच्या नावाखाली, मुलांच्याही वर, गोल ठसठशीत अक्षरांत: धाकटा भाऊ, चोम. त्याचे ओठ हलले. त्याने ते परत वाचलं. मग आकड्यांचा फलक चारदा दुमडून खिशात ठेवला, आणि पाण्याची वाटी घेतली.

"दार तूच उघडं टाकलंस," चोम भावाच्या हातावर पाणी घालत म्हणाला. "मी आजही तेच म्हणतो. पण खरं सांगू? पक्षी बेसूरच होता रे."

प्रिंग आजींनी त्याला "पुढचा" म्हटलं नाही. घड्याळात चार वाजून गेले तरी नाही.

सोळा तारखेला, लॉटरीच्या सोडतीच्या दिवशी, को हुआतच्या दुकानात रेडिओभोवती मुंगीला जागा नव्हती. सगळ्या गावाने बत्तीस धरला होता. निघाले छप्पन्न! फलकावरच्या एकाही चौकोनात छप्पन्न नव्हतं. होतं ते अगदी खाली, धडधडीत वाचता येणाऱ्या दुकानाच्या फोन नंबरच्या शेवटी. वाचता येत होतं म्हणून कुणी पाहिलंच नव्हतं! लावलं होतं ते फक्त प्रिंग आजींनी. चष्म्याशिवाय त्यांना चौकोनांतले बारीक आकडे दिसत नव्हते, आणि त्या दिवशी प्रदितला शिव्या द्यायला फिरवून फिरवून तो नंबर त्यांच्या बोटांना पाठ झाला होता.

त्या पैशांतून त्यांनी विहाराला नवा पंखा दिला आणि चोमला एक बुलबुल. चोम पुढे त्रांगलाच राहायला आला. बुलबुल काही शेवटपर्यंत गायला नाही, आणि त्याबद्दल चोम क्लायच्या फोटोला रोज बोल लावायचा. मानोपने मोटारसायकल विकून मांत्रिकाकडे शागिर्दी धरली, म्हणतात, बरी चालली. को हुआतने तो फलक काचेत बसवून दुकानात टांगला. तो गेल्यावर त्याच्या मुलांनी उतरवला. मास्तरांनी मोजणं सोडलं. ओरापिनने सीडी त्याच डब्यात परत ठेवली आणि डबा कुलपात.

आणि प्रदित? पडद्याच्या कोपऱ्यात ती पाटी पुढेही लुकलुकायची. ओरापिनने तेवढ्या जागेवर कॅलेंडरचा एक तुकडा चिकटवून टाकला होता. लॉटरीचा विषय निघाला की प्रदित लोकांना हसायचा, "अडाणी लेकाचे! काना तो, नुसता काना! मी तेव्हाच सांगत होतो!"

पण दुकान आवरायला काढलं तेव्हा त्याच्या टेबलाच्या खणात, अगदी मागे, त्याच सोळा तारखेचं एक जुनं तिकीट सापडलं. ओरापिनने ते अर्थातच टाकलं नाही. त्याच्या शेवटी बत्तीस होते.