डावीकडे ओढणारी फियाट

फियाट शहाळ्यांच्या हातगाडीत घुसली तेव्हा दशरथ सामंतांनी स्टिअरिंग उजवीकडेच धरलेलं होतं. बेव्हर्ली पार्कचा सरळ रस्ता, समोर कुणी नाही, आणि तरी गाडी आपली आपण डावीकडे गेली. कुणाला खरचटलंदेखील नाही. शहाळी मात्र रस्ताभर घरंगळली आणि ती गोळा करता करता दशरथरावांना वाटलं, आता आपलं सगळं असंच घरंगळत जाणार. त्यांना असं नेहमीच वाटे. विमा कंपनीत मृत्यूच्या दाव्यांच्या टेबलावर जन्म काढलेला माणूस तो. दूध उतू गेलं तरी कुणाकुणाला कळवायचं, हेच त्यांच्या मनात आधी येई.

घरी आल्यावर वासंतीबाईंनी पोळ्या लाटता लाटता निकाल दिला.

"रविवारी ताईच्या रसिकाचा साखरपुडा आहे. गोडदेवच्या हॉलपर्यंत गाडी सरळ नेऊन दाखवा. नाही जमलं तर सोमवारी भंगारवाल्याला बोलावतेय मी."

"हिला? भंगारात?"

"मग काय वृद्धाश्रमात ठेवताय?"

दशरथराव गॅलरीत जाऊन बसले. गिरगाव सुटलं, मित्र एकेक करून गेले, मुलगा अथर्व महिन्यातून एकदा फोन करतो तोही घाईत. सिल्व्हर पार्कच्या या पाचव्या मजल्यावरून रोज सकाळी खाली उतरायला त्यांना एकच कारण होतं: फडकं घेऊन फियाट पुसायची. ती गेली तर उतरायचं कशाला?

त्यातून गाडीचा हा दोष काही आजचा नव्हता. ती कित्येक वर्षं डावीकडे ओढत होती. दशरथरावांनी त्यावर इलाज न करता फक्त सवय केली होती. सरळ जायचं तर स्टिअरिंग उजवीकडे धरायचं, खड्डा आला की जरा सोडायचं, पुन्हा धरायचं. वासंतीबाईंनी लग्नानंतर हौसेनं लायसन्स काढलं होतं, वेळच्या वेळी ते रिन्यूही करत होत्या, पण गाडी मागितली की दशरथराव म्हणत, "हिचं स्टिअरिंग फक्त मला कळतं गं." हे खोटं नव्हतं, म्हणून बाईंना भांडताही येत नव्हतं.

शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये शस्त्रक्रिया सुरू झाली. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी लोखंडी घोडीवर ठेवली. वासंतीबाई स्टिअरिंगवर बसल्या आणि दशरथराव पोतं अंथरून खाली शिरले.

"डावीकडे वळव. आता उजवीकडे. हळू! लाटणं नाहीये ते."

"किती वेळ करायचंय?"

"खाली कुठला सांधा हलतोय ते कळेपर्यंत."

बघ्यांना तोटा नव्हता. एक म्हणाला टायर, दुसरा म्हणाला रस्ता. सेक्रेटरी यतीनभाई हळहळत म्हणाले, "सामंतसाहब, दक्षिणेकडे तोंड करून गाडी उभी करता तुम्ही. अच्छा कैसे होगा?"

दशरथरावांनी डावं चाक वरून आणि खालून धरून हलवलं. खट्. खट्.

"ब्रेक दाब. घट्ट."

बाईंनी दाबला. त्यांनी पुन्हा हलवलं. तरी खट्.

"बेअरिंग असतं तर ब्रेकवर आवाज थांबला असता," दशरथराव खालून खोल आवाजात म्हणाले. "किंगपिन गेली. चाक जिच्यावर वळतं ती खीळ."

"कधी?"

"झाली असतील दहा-बारा वर्षं."

"आणि आत्ता कळवताय?"

नाक्यावरचा मेकॅनिक चंदन आला, खाली वाकला आणि डोकं हलवत उठला. "अंकल, किंगपिन, बुश, टायरॉड, सब खलास. इतकी वर्षं चालवलीत कशी?"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी हे विचारलं होतं. दशरथरावांची छाती फुगली.

"बॅलन्सवर! आमच्या मेहुणीबाई अंगानं भारदस्त. त्यांना मी नेहमी माझ्या मागे, उजवीकडे बसवतो. डावीकडची ओढ जरा कमी होते. परवा ऊन लागतं म्हणून त्या डावीकडे सरकल्या, आणि गाडी गेली शहाळ्यांत!"

बोलून होताच बघ्यांच्या नजरा मागे वळल्या. मागे मनोरमाताई उभ्या होत्या. वासंतीबाईंची थोरली बहीण, रसिकाची आई, मुक्काम पलीकडची विंग. हातात साखरपुड्याच्या लाडवांचा डबा होता.

"'ताई, मानाची जागा,' म्हणायचात ना हो भावोजी?"

"तसं नव्हे, ताई..."

"इतकी वर्षं मला वाळूच्या पोत्यासारखं फिरवलंत? उद्या मी डावीकडे बसणार. गाडी जरा जरी सरकली ना, तर जेवणाच्या पंगतीत तुमचं पान मांडणार नाही मी." डबा घेऊन त्या परत गेल्या.

चंदननं संध्याकाळपर्यंत सगळं बदललं, चाकं सरळ करून आणली. "अब बच्चा भी चलाएगा, अंकल. एका बोटानं वळते."

दशरथरावांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. जी गाडी फक्त त्यांना कळत होती, ती आता कुणालाही कळणार होती.

रविवारी मनोरमाताई शालू सावरत डावीकडे बसल्या. दशरथरावांनी देवाचं नाव घेतलं, गाडी सुरू केली आणि हातांनी सवयीप्रमाणे स्टिअरिंग उजवीकडे धरलं. गाडी एवढी आज्ञाधारक कधीच नव्हती. ती तडक उजवीकडे गेली आणि यतीनभाईंच्या कुंड्या आडव्या झाल्या. मोठ्या रस्त्यावर पुन्हा तेच. दुभाजक एका हातावर आला तेव्हा दोघी बहिणी एकदमच किंचाळल्या.

"भावोजी, आज तर मी डावीकडे आहे!"

वासंतीबाईंनी पर्समधून लायसन्स काढलं. "गाडी सरळ झालीय. तुमचे हात नाही झाले. उतरा."

"अगं, हिचं स्टिअरिंग..."

"काल सकाळभर मीच फिरवत होते ते."

गोडदेवच्या गर्दीतून फियाट सुतासारखी सरळ गेली. डावीकडे बसलेले दशरथराव नसलेला ब्रेक पायानं दाबत होते. मध्येच त्यांचा चेहरा उजळला.

"ऐकलंस? खट् वाजलं! थांबव, मी खाली शिरून बघतो."

"पाय दाबू नका," समोरून नजर न काढता वासंतीबाई म्हणाल्या. "तुमचा गुडघा आहे तो."

पंगतीत त्यांचं पान मांडलं गेलं. जेवण मात्र गेलं नाही.

सोमवारी सकाळी ते फडकं घेऊन खाली उतरले. गाडीची जागा रिकामी होती. भंगारवाला! त्यांनी बायकोला फोन लावला.

"गाडी... नेली का गं त्यानं?"

"कुणी? मी आणि ताई बेव्हर्ली पार्कला आलोय भाजीला. तुम्ही कुठे आहात?"

"खाली. फडकं घेऊन."

"मग तिथंच थांबा. गाडी लावताना मागे बघायला कुणीतरी लागेल मला." पलीकडे कोयत्याचा आवाज आला. "शहाळं आणू का तुम्हाला?"