दोन तासांचा बुरूज

रविवार, १९ एप्रिल २०२६, अक्षय तृतीया. आभाळ निरभ्र, सकाळी नऊलाच गरम वारा सुटलेला, देवासची टेकरी धुळीत अर्धी बुडालेली.

अशा दिवशी नीलकंठराव पोतनीस यांनी एक लहानसा निर्णय घेतला. (लहानसा हे त्यांचे मत.) मुलीचा खेळ आजच विकत घेऊन टाकायचा.

नीलकंठराव हे मनात आले आणि घेतले अशातले गृहस्थ नव्हेत. पाटबंधारे खात्यात आवक-जावक सांभाळून त्यांना चोवीस वर्षे झाली. मिक्सर घेतला तेव्हा त्याचे वॉरंटी कार्ड त्यांनी दुकानदारालाच वाचून दाखवले होते. भाजीच्या गाडीवर प्रत्येक भेंडीचे टोक मोडून पाहिल्याशिवाय ती पिशवीत पडत नाही. (भाजीवाल्या भवानीबाई त्यांना लांबून पाहताच भेंडीवर ओले पोते टाकतात.)

खेळ हवा होता ऋजुताला. ऋजुता सतरा वर्षांची. दोन वर्षे भाऊबीज, वाढदिवस आणि चित्रकलेच्या बक्षिसाचे पैसे तिने बिस्किटांच्या डब्यात साठवले होते आणि डबा विश्वासाने वडिलांच्या कपाटात ठेवला होता. ‘बुरूज’ नावाचा कॉम्प्युटरवरचा तो खेळ आठच दिवसांपूर्वी बाजारात आला होता. सुट्टीला धारला आत्याकडे जाताना ती बजावून गेली होती, “बाबा, मी सांगेन तेव्हाच घ्यायचा हं. आत्ता नाही.”

पोरगी पैसे खर्च करायला लाजते आहे, एवढाच अर्थ नीलकंठरावांनी त्यातून काढला.

आज ती आत्याबरोबर बसने परत यायची होती. मुहूर्त साडेतीनांपैकी एक. दुकानाच्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘फक्त आज सूट’ असेही होते. त्याच पानाच्या तळाशी आधी घेतलेल्या लोकांचे चार हजार अभिप्राय होते, पण ते नीलकंठरावांनी उघडले नाहीत. मुहूर्तावर वस्तू घेताना तिला नावे ठेवलेली कानावर पडू नयेत, असे त्यांच्या आईचे सांगणे होते. त्यांनी आपल्या फोनवरून पैसे भरले, डब्यातल्या नोटा पाकिटात ठेवल्या, आणि अकरा वाजून बावन्न मिनिटांनी खेळ सुरू केला.

आता पोतनीसांच्या घरचा एक रिवाज सांगायला हवा. घरात नवी वस्तू आली की ती चालू करायची आणि थोरल्या बहिणीने, म्हणजे धारच्या यमुनाआक्काने, हळदकुंकू लावीपर्यंत बंद करायची नाही. छताचा पंखा घेतला तेव्हा आक्का दुसऱ्या दिवशी आल्या. तोवर पंखा चालला. महिना जानेवारी होता. सगळ्यांनी रजया घेऊन पंख्याखाली जेवण केले होते.

त्यामुळे खेळ सुरू झाला आणि नीलकंठराव हात जोडून बाजूला बसले. आक्कांची बस साडेबाराला येणार होती.

पडद्यावर किल्ल्याचा दरवाजा दिसला. दरवाजासमोर किल्लेदार उभा राहिला. पागोटे होते, मिशा होत्या, दात होते, मात्र हे सगळे ज्यावर असायला हवे तो चेहरा नव्हता. मिशा हवेत तरंगत होत्या. शेजारचा घोडा मानेपर्यंत जमिनीत गेला होता आणि तिथूनच शांतपणे गवत खात होता.

“अहो, हे काय?” विद्युल्लताबाई पुरणाचा हात घेऊन बाहेर आल्या.

“लढाईचा खेळ आहे. जखमी असेल.”

“जखमी माणसाचं तोंड जातं?”

“अगं, कथा असते त्यात. पुढे उलगडेल.”

पुढे काही उलगडले नाही. नीलकंठरावांनी एकेक कळ दाबून पाहिली. दरवाजा उघडेना, किल्लेदार हलेना. साडेबारा वाजले. आक्कांचा निरोप आला की घाटाबिल्लोदजवळ बसचे टायर फुटले आहे. एक वाजला. मिशा तरंगत होत्या.

एक वाजून एकवीस मिनिटांनी त्यांनी मोनूला फोन लावला. कॉम्प्युटर याच्याच दुकानातून घेतला होता. मोनू वरातीत होता आणि ढोलांवरून ओरडून बोलत होता.

“काका साब, ये तो सबको आ रहा है. आपने लोगों का लिखा नी पढ़ा क्या?”

“मुहूर्त था, भिया.”

“अरे तो वापस कर दो. दो घंटे से कम चला हो तो पूरा पैसा वापस.”

“चला कहाँ? दरवाज़ा ही नहीं खुला.”

“दरवाज़े से मतलब नी है, काका. स्क्रीन पे चालू है न? घड़ी उसी की गिनती है. कब से चालू है?”

नीलकंठरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. मग मनगटावरच्या. दोन्हींचे एकमत होते. अकरा बावन्नपासून दोन तास, म्हणजे एक बावन्न. हातात एकतीस मिनिटे.

“पेले बंद करो उसको,” मोनू म्हणाला आणि ढोलांत बुडाला.

नीलकंठरावांचा हात माउसवर गेला. त्यावर पुरणाचा हात येऊन पडला.

“वन्सं आल्याशिवाय बंद करायचं नाही.”

“अगं, पोरीचे पैसे जातील.”

“आणि वर्षभर घरात काही झालं तर? त्यांना विचारा, मग काय ते करा.”

त्यांनी आक्कांना फोन लावला. तो उचलला ऋजुताने.

“बाबा, आत्ता इंदूर सोडलं. बस खच्चून भरलीय, सगळे लग्नाला निघालेत. तुम्ही धापा का टाकताय?”

“काही नाही. आक्काला दे.”

“आत्या झोपलीय. मला सांगा.”

नीलकंठरावांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादा अहवाल एका दमात दिला.

“मी म्हटलं होतं ना, मी सांगेन तेव्हा,” ऋजुता म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच त्यांना जड गेले. “तो अजून कच्चा आहे, बाबा. मी रोज वाचत होते, दुरुस्ती कधी येते ते. भेंडी मोडून बघता, आणि हे न बघता घेतलं?”

“पण मग कच्चा माल विकलाच कशाला? चूक कंपनीची आहे.”

“आहेच त्यांची. पण पैसे माझे आहेत.”



“बंद करा आधी,” ऋजुता म्हणाली.

“बंद करू नकोस,” मागून आक्कांचा आवाज आला. त्या जाग्या झाल्या होत्या. “नीलू, मोटारसायकल आठवते ना? मी यायच्या आधी बंद केलीस, आणि चौथ्या दिवशी म्हशीला धडकलास.”

“आक्का, म्हैस रस्त्यात उभी होती.”

“आणि तू?”

“मी चालवत होतो.”

“मग तुला दिसायला नको ती?”

एक अठ्ठावीस. ऋजुतानेच तोड काढली: व्हिडिओ कॉल करा, आत्या बसमधून फोनवरच कुंकू लावेल. कॉल लागला. आक्कांनी बोट पुढे केले, तोंड उघडले, आणि चित्र तिथेच थिजले. (आता घरात दोघे अडकले होते. एकाला तोंड नव्हते आणि एकीचे मिटत नव्हते.)

चित्र गेले तरी आवाज मागून आला. “विद्युल्लता, माझ्या वतीने तूच लाव.”

“मी लावलं तर चालेल, वन्सं?”

“मी सांगते म्हणून चालेल. पण गाऊनवर नको लावूस. पदर हवा डोक्यावर.”

विद्युल्लताबाई साडी नेसायला गेल्या. नीलकंठराव बंद दाराबाहेर उभे राहिले. त्यांच्या मागे, पडद्यावर, किल्लेदारही एका बंद दाराबाहेर उभा होता.

“झालं का?”

“निऱ्या तरी नीट येऊ द्याल का?”

एक अडतीसला दार उघडले. पडद्याला कुंकू लागले. कीबोर्डला हळद लागली. निरांजन फिरले. मग विद्युल्लताबाईंनी भक्तिभावाने अक्षता टाकल्या, आणि त्यांतला एक दाणा वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या कळीखाली जाऊन बसला. खेळातून बाहेर पडायची कळ तीच.

नीलकंठरावांनी कळ दाबली. ती दबेना. त्यांनी सुई आणली. एक त्रेचाळीसला दाणा निघाला. कळ दबली. पडद्यावर प्रश्न आला, ‘बाहेर पडायचे?’ खाली ‘होय’ आणि ‘नाही’. त्यांनी ‘होय’ दाबले. काही झाले नाही. त्यांनी धीर करून ‘नाही’ दाबले. तेही झाले नाही. खेळ थिजला होता, पण पडद्यावर होता, म्हणजे घड्याळ चालू होते.

“प्लग काढा, बाबा,” फोनमधून ऋजुता म्हणाली.

त्यांनी प्लग काढला. कॉम्प्युटर चालूच राहिला आणि टेबलाखालून टीं टीं आवाज येऊ लागला. वीज गेल्यावर काम अडू नये म्हणून मागच्याच वर्षी त्यांनी बॅटरीचा डबा बसवून घेतला होता. (चार कंपन्यांचे तुलनापत्रक करून, सर्वांत जास्त वेळ टिकणारा.) ते टेबलाखाली शिरले, डोके आपटले, डब्याचे बटण चाचपले आणि टीं टीं थांबेपर्यंत दाबून धरले.

एक शेहेचाळीस. पडदा काळा झाला.

“एक तास चोपन्न मिनिटं,” नीलकंठराव टेबलाखालूनच म्हणाले. “सहा मिनिटं राखून.”

“शाबास,” ऋजुता म्हणाली. त्या एका शब्दाने त्यांच्या डोक्याचे टेंगूळ उतरल्यासारखे झाले. “आता पैसे परत मागायचा अर्ज भरा. दोन मिनिटांचं काम आहे. यादीतून एक कारण निवडायचं आणि पाठवायचं.”

प्लग परत लावला, डब्याचे बटण दाबले आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. एक पन्नासला अर्ज उघडला. खाली कोपऱ्यात बुरुजाचे एक बारीकसे चित्र दिसत होते. दुकानाची खूण असेल म्हणून त्यांनी सोडून दिले. कुठूनसे नगारेही वाजत होते. बाहेर गल्लीतून दिवसभरात सहा वराती गेल्या होत्या, त्यामुळे सातवीचे कोणाला नवल वाटले नाही.

“कारण कोणतं निवडू?” नीलकंठरावांनी विचारले.

“कुठलंही. ‘खेळ नीट चालत नाही’ असं असेल बघा.”

“आहे. पण खाली सविस्तर लिहायला जागा दिली आहे.”

“ती सोडा.”

“सोडा कसं? अर्ज मोघम गेला तर परत येतो. चोवीस वर्षं मी हेच बघतोय.”

“बाबा, पाठवा.”

“आता कसली घाई? बंद केलाय ना.”

आणि नीलकंठरावांनी लिहायला घेतले. सविनय निवेदन. मुद्दा पहिला, किल्लेदारास चेहरा नसणे. मुद्दा दुसरा, घोडा जमिनीत असणे, तथापि त्याचे खाणे चालू असणे. मुद्दा तिसरा लिहून झाल्यावर त्यांना वाटले की दुसरा पहिला हवा. त्यांनी क्रम बदलला. विद्युल्लताबाई मागे उभ्या राहून वाचत होत्या.

“‘तथापि’ छान आहे,” त्या म्हणाल्या.

“बाबा, तो नगारा कसला वाजतोय?” फोनमधून ऋजुताने विचारले.

“वरात आहे.”

“मगापासून एकाच जागी?”

“नाचत असतील.”

“बाबा. तो खेळाचा नगारा आहे. मी धारला आठ दिवस आत्याच्या अंबरीशदादाकडे ऐकलाय. खाली कोपऱ्यात काही दिसतंय का?”

नीलकंठरावांनी बुरुजाच्या चित्रावर माउस नेला. दाबला. अर्ज बाजूला झाला आणि मिशा समोर आल्या. वीज जाताना जे उघडे होते, ते कॉम्प्युटरने सुरू होताना इमानाने परत उघडून दिले होते, आणि सविनय निवेदनाच्या मागे घड्याळ चालत राहिले होते. दोन वाजून एक मिनिट झाले होते.

त्यांनी अर्ज आहे तसा पाठवला. पाचवा मुद्दा अर्धा राहिला.

आक्का आणि ऋजुता अडीच वाजता घरी पोचल्या. आक्कांनी कुंकवाचे बोट पडद्यावर पुन्हा एकदा टेकवले आणि पाणी मागितले. ऋजुताने बॅग ठेवली, वडिलांच्या डोक्यावरचे टेंगूळ पाहिले आणि कपाटातला डबा काढून हलवून पाहिला. आत काही हलले नाही.

“ठीक आहे, बाबा,” ती म्हणाली, “साठतील परत.”

नीलकंठरावांनी मान खाली घातली. मग खिशातून पाकीट काढले आणि तिच्या हातातल्या डब्याचे झाकण उघडले.

दुकानाचे उत्तर चार वाजून दहा मिनिटांनी आले. खेळलेला वेळ: दोन तास चार मिनिटे. अर्ज नामंजूर. ऋजुताचे पैसे पूर्णपणे डब्यात परत गेले आणि खेळ नीलकंठरावांच्या नावावर राहिला. दुरुस्ती २८ जूनला आली. त्या दिवसापासून ऋजुता तो खेळ वडिलांच्या खात्यातून खेळते. खात्यावर एक पदक आहे, ते १९ एप्रिलला दुपारी एक वाजून सत्तावन्न मिनिटांनी मिळालेले आहे. त्यावर लिहिले आहे: नीलकंठ पोतनीस, सलग पहारा, दोन तास, शत्रू ठार शून्य.